सैनिकाचं पत्र आणि घरातली बाई

आज आम्ही इतिहासाची गोष्ट सांगणार आहोत. राजे आणि लढाया यांची मात्र नाही. लढाईवर गेलेल्या माणसाची खबर घरी कशी यायची आणि घरातल्या बाईपर्यंत ती किती पोहोचायची, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात आमच्याच बैठकीपासून करतो. बोईसरच्या आमच्या एका गटात एक आजी आहेत, पंचाहत्तरीच्या. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. त्यांचे मालक फौजेत होते. पेन्शनवर आल्यावर इथल्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनच्या नोकरीला लागले आणि कुटुंब इथंच राहिलं. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या एमआयडीसीच्या फाटकांवर असे कितीतरी फौजी उभे असतात. मालक वारले. मध्यंतरी पेन्शनच्या कागदात आजींच्या नावाची काही गडबड निघाली, म्हणून जुनी पत्र्याची ट्रंक उघडली. डिस्चार्जचं पुस्तक सापडलं. त्याखाली दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा होता. घडीची निळी पत्रं, १९७१ च्या लढाईच्या वेळची.

आजी म्हणाल्या, "पोरींनो, मला काय वाचता येत न्हवतं. दीर वाचून दावायचे. आता तुम्ही वाचा, पण सगळं वाचा."

हे "सगळं वाचा" आमच्या डोक्यात राहिलं. त्या पत्रांकडे आम्ही शेवटी येऊच. आधी थोडं मागं जाऊ.

पहिलं महायुद्ध १९१४ ला सुरू झालं. त्या चार वर्षांत हिंदुस्थानातून लढायला आणि लष्करी कामाला मिळून १३ लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यातली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. कोकणातून आणि घाटावरून मराठा पलटणींत भरती झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून तर इतके लोक गेले की गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले.

ही माणसं मुंबईच्या बंदरातून बोटीत बसली. कुणी फ्रान्सला, कुणी आफ्रिकेला, आणि सगळ्यांत जास्त मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिथून घरी पत्र यायचं कसं? फौजेबरोबर फौजेचं पोस्टही जायचं. छावणीत तंबू ठोकून पोस्ट ऑफिस उघडायचे, त्याला फिल्ड पोस्ट ऑफिस म्हणत. गावाचं नाव नसायचं, नुसता नंबर असायचा, कारण फौज कुठे आहे हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. आपल्याकडच्या तिकिटांवर 'आय.ई.एफ.' अशी अक्षरं छापून ती या फौजेला दिली होती. फ्रान्सहून निघालेलं पत्र बोटीनं सुएझच्या कालव्यातून, एडनवरून मुंबईला यायचं. त्यात आठवड्यांमागून आठवडे जायचे. मुंबईचं मोठं पोस्ट, म्हणजे बोरीबंदरजवळची ती घुमटाची जीपीओची इमारत, १९१३ साली नुकतीच बांधून झाली होती. तिथून रेल्वेनं, मग बैलगाडीनं आणि शेवटी डाकवाल्याच्या पायांनी पत्र गावात यायचं.

आता यातली खरी अडचण ऐका. १९११ च्या शिरगणतीत लिहिता-वाचता येणाऱ्या बायका शंभरात एक होत्या. फक्त एक. सैनिकही बहुतेक निरक्षर. म्हणजे नवऱ्याला लिहिता येत नाही आणि बायकोला वाचता येत नाही. मग पलटणीत ज्याला चार अक्षरं येत, तो दहा जणांची पत्रं लिहायचा. गावात पत्र मास्तर वाचायचे, नाहीतर कुलकर्णी, नाहीतर स्वतः पोस्टमन. नवरा-बायकोच्या मनातलं दोन परक्या माणसांच्या तोंडून जायचं.

आणि मध्ये तिसरा माणूस होता, तो सेन्सॉर. फ्रान्समध्ये बुलोन नावाचं बंदर आहे. तिथे सरकारनं हिंदुस्थानी सैनिकांची पत्रं तपासायचं ऑफिस उघडलं. हॉवेल नावाचा साहेब त्याचा मुख्य होता. उर्दू, हिंदी, गुरुमुखी, मराठी अशा भाषांतली पत्रं उघडून वाचली जायची. लढाईचं नको ते लिहिलं असेल, तर पत्र अडवायचं किंवा तेवढं खोडायचं. फौजेचं मन कसं आहे हे सरकारला कळावं म्हणून निवडक पत्रांचं इंग्रजी करून अहवाल पाठवले जायचे.

सैनिकही काही कमी नव्हते. आपलं पत्र कुणीतरी वाचतंय हे त्यांना कळलं होतं, म्हणून ते आडून लिहायचे. त्यांची एक खूण प्रसिद्ध आहे. काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई. काळी मिरी संपत आली असं लिहिलं, की घरच्यांनी समजायचं, आपली माणसं फार पडली आहेत, नवी भरती होऊ देऊ नका. सेन्सॉरलाही पुढे हे कळलं, म्हणून तर ते आज आपल्याला ठाऊक आहे. मसाल्याच्या डब्यातून लढाईची बातमी पाठवणारी ही माणसं शाळेत गेलेली नव्हती, पण हुशार होती.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागली. ती इंग्रजी केलेली पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. लोक त्यावर पुस्तकं लिहितात. मूळ पत्रं मात्र बहुतेक राहिली नाहीत. ती आपल्या घरांत आली, आढ्याला खोचली गेली, पावसात भिजली, वाळवीनं खाल्ली, चुलीत गेली. ज्यानं चोरून वाचलं त्याच्याकडे नक्कल राहिली आणि ज्या बाईसाठी लिहिलं तिच्याकडे काही राहिलं नाही.

काही वेळा तर पत्रच यायचं नाही. इराकमध्ये कुत अल अमारा नावाचं गाव आहे, तैग्रिस नदीच्या वळणावर. तिथे पुणे डिव्हिजनची फौज अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. खायचं संपलं तशी घोडी मारून खायची वेळ आली. आपल्या पुष्कळ लोकांनी धर्मासाठी ते मांस बरेच दिवस घेतलं नाही आणि अंगानं झडले. विमानातून धान्याच्या गोण्या टाकून पाहिल्या, त्यानंही भागलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट सुरू झाली आणि त्यात हजारो मेले.

आता तेच महिने इकडे घरी कसे गेले असतील ते बघा. डिसेंबर ते एप्रिल. सुगी झाली, संक्रांत झाली, शिमगा झाला, पाडवा झाला. घरात कुंकू लावायचं की नाही हे सांगणारं कुणी नाही. जे तिकडे मेले त्यांच्यासाठी पुढे बसरा इथे मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांची मात्र नावं नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं ही चूक २०२१ साली कबूल केली. शंभर वर्षं लागली.

पत्राबरोबर घरी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे मनिऑर्डर. आपल्या देशात मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. लढाईवर जाताना सैनिक आपल्या पगारातला काही हिस्सा घरी लावून द्यायचा आणि तो महिन्याच्या महिन्याला पोस्टानं यायचा. लावून देताना कुणाचं तरी नाव सांगावं लागे. एकत्र घरात ते नाव बहुतेक बापाचं किंवा थोरल्या भावाचं असायचं. पोस्टमन आला की अंगठा त्यांचा आणि पैसे त्यांच्या हातात. लढणाऱ्याची बायको चुलीपुढं. तिला किती आले हे विचारायची रीत नव्हती. मनिऑर्डरीच्या कागदाला खाली दोन ओळी लिहायची जागा असायची. कितीतरी बायकांना नवऱ्याची खुशाली त्या दोन ओळींतच मिळाली, त्यासुद्धा कुणी वाचून दाखवल्या तर.

दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं. या वेळी हिंदुस्थानी फौज २५ लाखांवर गेली. त्यातल्या सुमारे ८७ हजारांचा जीव गेला. या युद्धात पत्राची एक नवी सोय निघाली. कागदावर पत्र लिहायचं, त्याचा बारीक फोटो फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि पोहोचल्यावर पुन्हा कागदावर उतरवायची. शेकडो पत्रांची फिल्म एका छोट्या डबीत मावायची. आपण आता व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवतो ना, त्याचीच ही आजी समजा. सेन्सॉर मात्र होताच.

त्याच काळात आपल्या पालघरात काय चाललं होतं? १४ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'च्या चळवळीत पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा स्तंभ आपण येता-जाता बघतो. दर १४ ऑगस्टला तिथे माणसं जमतात. म्हणजे एकाच वेळी महाराष्ट्राची पोरं सरकारच्या गणवेशात आफ्रिकेत, पुढे इटलीत लढत होती आणि इथे त्याच सरकारच्या गोळ्या आपली पोरं झेलत होती. फौजेतल्या मुलाला अशी बातमी घरून उघड लिहायची तर सोय नव्हती. "इकडे सर्व क्षेम" एवढंच लिहायचं. क्षेम नसताना क्षेम लिहिणं हे त्या पिढीच्या बायकांना चांगलंच ठाऊक होतं.

या युद्धातलं एक नाव कोकणातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, तैबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती घेतली आणि तिथेच कामी आले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण त्यांची कबर नाही की समाधी नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. बावीस वर्षांच्या मुलाच्या घरी त्या दिवसांत काय आलं असेल? लिफाफा आला असेल, तार आली असेल, आणि ती वाचायला कुणालातरी बोलवावं लागलं असेल.

तारेचं सांगायलाच हवं. आमच्या आयांनी सांगितलेलं आहे, गावात तारवाला शिरला की फोडायच्या आधीच रडं सुरू व्हायचं. तारेत चांगली बातमीही असायची, सुट्टी मिळाली, येतोय, अशी. पण फौजीच्या घरात तार म्हणजे काळजात धस्स. ती तार १५ जुलै २०१३ ला कायमची बंद झाली.

देश स्वतंत्र झाल्यावर फौजेच्या पोस्टाला आपलं रूप आलं. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना '५६ ए.पी.ओ.' आणि '९९ ए.पी.ओ.' हे पत्ते पाठ असतात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ५६ ए.पी.ओ. काश्मीर नाही, राजस्थान नाही, कुठलंच गाव नाही. ५६ ची पत्रं दिल्लीला जमतात, ९९ ची कोलकात्याला. कुठली पलटण कुठे आहे हे तिथल्या फौजी पोस्टाला ठाऊक असतं, ते तिथून पुढे धाडतात. या कामासाठी १ मार्च १९७२ ला आर्मी पोस्टल सर्व्हिसचं वेगळं दळ झालं. आणि आपण रेडिओवाल्या, म्हणून सांगतो, विविधभारतीचा 'जयमाला' हा खास फौजी भावांसाठीचा कार्यक्रम. फौजी गाण्याची फर्माईश पाठवायचे, त्यांची नावं वाचली जायची. बायको इकडे भाकऱ्या थापता थापता कान देऊन असायची, न जाणो आपलं नाव आलं तर. पत्राला आठवडा लागायचा. रेडिओवर मात्र जे गाणं तो तिकडे ऐकायचा, तेच त्या क्षणी ती इकडे ऐकायची.

१९७१ च्या डिसेंबरातली लढाई आपल्या समुद्रावरही झाली. आपल्या किनाऱ्यासमोर खाडीच्या पलीकडे दीव आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून काही मैलांवर पाकिस्तानी पाणबुडीनं आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसं उतरवली आणि स्वतः बोटीबरोबर गेले. ज्या घरांतली माणसं रोज समुद्रावर जातात, त्या घरांना हे जास्त सांगायला नको.

आता आजींच्या गठ्ठ्याकडे येऊ. पत्रं अकरा होती. आम्ही दोघी-तिघींनी मिळून वाचली, दुपार गेली. लढाईचं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. थंडी फार आहे. बैलाचा पाय बरा झाला का? पाऊस झाला का? आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करा. प्रत्येक पत्र वडिलांच्या नावे, सुरुवात "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार" आणि बायकोचं नाव कुठेच नाही. तशी रीतच होती. बायकोबद्दल लिहायचं तर "घरी सर्वांना सांगणे" असं आडून.

पण एका पत्रात शेवटच्या घडीवर, कडेच्या कोऱ्या जागेत, आडवं लिहिलं होतं. मनिऑर्डरीतले दहा रुपये दर महिन्याला तिच्या हातात द्यावेत, तिला काही लागलं-सवरलं तर मागायला लागू नये. आम्ही ते वाचलं आणि थांबलो. आजींनी विचारलं, "परत वाच." आम्ही परत वाचलं.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सुट्टीवर आले तवा त्यांनी इचारलं हुतं मला, पैसं मिळत्यात न्हवं? म्या म्हनलं, मिळत्यात. घरात येत हुतं म्हून मी हो म्हनलं."

त्यांना दिरांचा राग आला का? तसं दिसलं नाही. "त्याला वाटलं आसंल, बाईला काय करायचाय पैसा," एवढंच म्हणाल्या. पण पत्रं घेऊन जाताना ते एक पत्र त्यांनी गठ्ठ्यात ठेवलं नाही. वेगळं, कमरेच्या पिशवीत ठेवलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट लढाईच्या काळापुरती आहे असं आम्हाला वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा. डहाणू-तलासरीकडचे आपले कितीतरी आदिवासी भाऊ गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ते काही सैनिक नाहीत, मासे मारणारे आहेत. पण समुद्रातली हद्द डोळ्यांना दिसत नाही. पाकिस्तानची गस्तीबोट पकडते आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. मग घरी तीच वाट बघणं, तेच उशिरानं येणारं पत्र. दोन देशांमध्ये २००८ साली करार झाला आहे. त्याप्रमाणे दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांकडच्या कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात, त्यात पकडलेले मच्छीमारही असतात. यादीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव वेगळं असलं, पाड्याचं नाव चुकलं, की माणूस आपलाच आहे हे सिद्ध करायला घरच्या बाईला दारोदार फिरावं लागतं. म्हणून घरातला माणूस बोटीवर जाणार असेल, तर त्याच्या कागदांच्या प्रती, बोटीचं नाव आणि नंबर, तांडेलाचा फोन घरात लिहून ठेवा. गटाच्या वहीतही एक नोंद करा.

फौजी कुटुंबांनाही हेच सांगणं आहे. फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायको-मुलांची नोंद असते, तिला किंड्रेड रोल म्हणतात. लग्न झालं, मूल झालं, की 'पार्ट टू ऑर्डर' निघून ती नोंद व्हायला हवी. माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख आधारवर आहे तशीच तिथे आहे ना, हे माणूस सुट्टीवर आला की बसून बघून घ्या. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त होते. मागाहून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, मराठा रेजिमेंटचं असेल तर बेळगावला, पत्रं लिहीत बसावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची मदत मिळते. आमच्या आजींचं काम तिथूनच मार्गी लागतं आहे.

आणि तिसरी गोष्ट कागदाच्या मोलाची नाही, पण तितकीच खरी आहे. घरात जुनी पत्रं असतील, मनिऑर्डरीचे कागद असतील, तर जाळू नका. कोरड्या कापडात बांधा, कडुलिंबाचा पाला ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला ती एकदा सगळी वाचून दाखवा. गाळून नको, आडवी लिहिलेली ओळसुद्धा वाचा.

शंभर वर्षांपूर्वी शंभरात एक बाई वाचत होती. आज आपल्या गटात सही न येणारी बाई शोधावी लागते. नवऱ्याचा पगार आता थेट खात्यात येतो, व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, मध्ये लेखनिक नाही, सेन्सॉर नाही, दीर नाही. पण खातं कुणाच्या नावावर आहे, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे, हे प्रश्न जुन्या मनिऑर्डरीसारखेच आहेत. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं यावर बोला.

आजी आता साक्षरतेच्या वर्गाला बसतात. डोळ्यांना त्रास होतो, पण येतात. आम्ही विचारलं, "आजी, आता या वयात कशाला?" तर म्हणाल्या, "येकच पत्र वाचायचंय गं, माझं मला."

पुन्हा भेटू. नमस्कार.